विश्लेषण : गिअरबॉक्स किती तापला, हे चालकाला का कळू नये?

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात बुलहेड सिटीजवळ ‘डेव्हिस डॅम ग्रेड’ नावाचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ आहे. पिकअप ट्रक किती वजनाचा ट्रेलर ओढू शकतो, हे ठरवणाऱ्या ‘एसएई जे२८०७’ या मानकात हाच चढ परीक्षेसाठी धरला आहे. बाहेर किमान ३८ अंश सेल्सिअस ऊन, एसी पूर्ण सुरू, मागे ट्रेलर आणि वेग ठरावीक मर्यादेखाली जाता कामा नये, अशी ही परीक्षा. इथे इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचाही कस लागतो. म्हणूनच रॅम किंवा शेवरोले सिल्व्हराडोच्या अनेक मॉडेलांत गिअर ऑइलचे तापमान डॅशबोर्डच्या स्क्रीनवर आकड्यात पाहता येते. आपल्याकडेही ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या आहेत आणि घाट तर पूर्वीपासून आहेत. तरी बहुतेक गाड्यांत हा आकडा दिसत नाही. तो दिसायला हवा.

गिअरबॉक्स तापतो कशामुळे?

पारंपरिक ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात ताकद तेलामार्फत पुढे जाते. गाडी कमी वेगात आणि जास्त ओझ्याखाली असली, की कन्व्हर्टरच्या दोन बाजू वेगवेगळ्या गतीने फिरतात, तेल घुसळले जाते आणि उष्णता तयार होते. हायवेवर एकसारख्या वेगात कन्व्हर्टर आतून ‘लॉक’ होतो आणि ही उष्णता बरीच कमी होते. म्हणजे गिअरबॉक्सला १०० च्या वेगापेक्षा चढावरची रांगती गर्दी जास्त जड जाते. तेच तेल दाब तयार करते, वंगण पुरवते आणि उष्णता कूलरपर्यंत वाहून नेते. ते खराब झाले, की तिन्ही कामे बिघडतात.

किती तापमान जास्त?

साधारणपणे ८० ते ९५ अंश सेल्सिअस ही रोजची पातळी. ट्रेलर ओढताना आकडा १०० च्या पुढे जाऊ शकतो. १२० च्या आसपास तो टिकून राहू लागला, तर काळजी घ्यायला हवी. जुन्या मेकॅनिकांचा ढोबळ हिशेब असा, की ८० च्या वर दर ११ अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते. आजची सिंथेटिक तेले यापेक्षा टिकाऊ आहेत आणि काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी तेल मुद्दाम ९० च्या वर ठेवतात. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावता येत नाही. आपल्या गाडीचा रोजचा आकडा ठाऊक असणे आणि त्यात फरक पडला की लक्षात येणे, हा या आकड्याचा खरा उपयोग.

लाल दिवा पुरेसा नाही का?

दिवा लागतो तेव्हा मर्यादा ओलांडलेली असते. आकडा त्याआधीची वाट दाखवतो. समजा, नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या ओझ्याला तेल ९० वर राहत होते आणि यंदा १०५ वर जाते आहे. कूलरच्या जाळीत धूळ बसली असेल, तेल कमी झाले असेल किंवा जुने झाले असेल. हे वेळेत कळले, तर काम साफसफाई किंवा तेलबदलावर निभावते. कळले नाही, तर क्लच प्लेट जळतात आणि गिअरबॉक्स उघडावा लागतो. दोन्ही बिलांत किती अंतर असते, हे गॅरेजची पायरी चढलेल्या कोणालाही सांगायला नको.

आकड्यांशिवायचा काटाही अर्धवटच. इंजिनाच्या तापमानाचा काटा अनेक गाड्यांत मुद्दाम असा बसवतात, की तापमान बऱ्याच अंशांनी वरखाली झाले तरी तो मध्यावरच राहतो. काही छोट्या कारमध्ये तर काटाही गेला आहे. थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल, एवढेच उरले आहे.

आकडा पाहून लोक उगाच घाबरतील?

हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. ९८ दिसले म्हणून कोणी घाटातल्या वळणावर गाडी थांबवली, तर धोका वाढेल. पण त्यावर उपाय आकडा लपवणे नव्हे. आकड्याशेजारी हिरवा, पिवळा, लाल पट्टा द्यावा आणि मॅन्युअलमध्ये मर्यादा लिहावी. टायरमधील हवेचा दाब आज अनेक गाड्या आकड्यात दाखवतात. तो समजून घेणारा मालक तापमानही समजून घेईल.

खर्चाचा मुद्दाही फारसा टिकत नाही. आजच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलाचे तापमान मोजणारा सेन्सर आधीच असतो, कारण गिअर कधी बदलायचा हे ठरवायला कॉम्प्युटरला तो लागतो. सर्व्हिस सेंटरचा स्कॅनर हाच आकडा वाचतो. स्वस्तातले ओबीडी उपकरण लावून मोबाइलवर इंजिनाचे तापमान सहज दिसते. गिअर ऑइलचे मात्र बहुतेक वेळा कंपनीच्या स्वतःच्या कोडमध्ये असते, त्यामुळे ते प्रत्येक ॲपला सापडत नाही. म्हणजे गाडीला माहीत आहे, मेकॅनिकला माहीत आहे. पैसे भरणारा मालक तेवढा अंधारात.

आपल्या घाटांत काय?

आपल्याकडच्या मालवाहू पिकअप बहुतांशी मॅन्युअल गिअरच्या आहेत, त्यामुळे त्यांना हा प्रश्न तसाच लागू होत नाही. पण सुट्टीच्या दिवशी सात माणसे आणि टपावर सामान घेऊन कसारा किंवा कुंभार्ली घाट चढणारी ऑटोमॅटिक एसयूव्ही त्याच परीक्षेला बसलेली असते. एएमटी गाडीत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. तिथे तापतो तो क्लच. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्याची सवय एएमटी आणि ड्युअल क्लच या दोन्ही प्रकारांना महागात पडते.

तापमान वाढले तर काय करावे?

आधी ओझे कमी करा : ॲक्सिलरेटर हलका सोडा, मॅन्युअल किंवा ‘टो’ मोड असेल तर खालचा गिअर धरा. तरी आकडा चढत राहिला किंवा दिवा लागला, तर सुरक्षित जागी थांबून गाडी ‘पार्क’मध्ये ठेवा. फक्त गिअर ऑइल तापले असेल आणि इंजिनाचे तापमान ठीक असेल, तर इंजिन लगेच बंद करू नका. इंजिन चालू असले तरच पंप तेल कूलरमधून फिरवतो. मॅन्युअलमध्ये वेगळी सूचना असेल तर तीच पाळा. आणि घाटात वारंवार जाणाऱ्यांनी ‘हे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही’ या वाक्यावर विसंबू नये. गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनीसुद्धा ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान किंवा आठ वर्षांत तेल बदलायला सांगते.

नवी गाडी घेताना आपण स्क्रीन किती इंचांची आहे, हे आवर्जून विचारतो. त्याच वेळी ‘गिअर ऑइलचे तापमान यावर दिसते का?’ हेही विचारायला सुरुवात करावी. ग्राहक विचारू लागले, की कंपन्यांना तो आकडा स्क्रीनवर आणावाच लागेल.