अर्जुनाने सांगितले, कर्णाने झाकले

कर्जत स्थानकाच्या फलाटावर सकाळच्या लोकलच्या वेळी एक निवृत्त मुख्याध्यापक नेमाने येऊन बसत. त्यांना कोठेही जायचे नसे. एक चहा घ्यायचा, ओळखीच्या चेहऱ्यांना हात करायचा आणि गाडी हलली की घराची वाट धरायची, एवढाच त्यांचा दिनक्रम. पत्नी निवर्तलेली, मुलगा परदेशी. एकदा मी सहज विचारले, "सर, घरी चहा होत नाही का?" ते हसले. म्हणाले, "होतो की. पण घरातला चहा बोलत नाही."

पुढे एका पावसाळ्यात ते आठवडाभर दिसले नाहीत. चौकशी केली तेव्हा कळले, तापाने अंथरुणाला खिळले होते. भिंतीपलीकडे शेजार नांदता होता, पण हाक मारण्याचा त्यांना संकोच वाटला. "आयुष्यभर मुलांना खंबीर व्हा म्हणून शिकवले. आता मीच कोणापुढे रडगाणे गाऊ?" हा त्यांचा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. ताप औषधाने उतरला. हा संकोच कोणत्या औषधाने उतरायचा?

आमची पिढी कला शाखेत शिकत होती तेव्हा एकाकीपणाला एक वलय होते. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली. तिच्यातला पांडुरंग सांगवीकर पुण्यात रुजत नाही आणि गावी वडिलांशीही त्याचे जुळत नाही. वसतिगृहातल्या आम्हा अनेकांना तो आपलाच वाटे. आपले कोणाशी पटत नाही, हे आपल्या संवेदनशीलतेचे लक्षण आहे, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. नायकाचे तुटलेपण हे लेखकाने दाखवलेले दुखणे होते. आम्ही मात्र त्यालाच अलंकार मानला.

शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'चे (१९७०) प्रेक्षकही आप्पा बेलवलकरांसाठी अश्रू ढाळून घरी परतत. मुलांच्या कृतघ्नतेवर चर्चा होई, आणि ती व्हायलाच हवी. पण एक गोष्ट सहसा बोलली जात नसे. रंगभूमीवर राजांची दुःखे पेलणाऱ्या या नटाला स्वतःच्या घरात साधी गरज बोलून दाखवणे जमत नाही. त्याचा मानी स्वभाव आड येतो. अखेरीस त्याला आसरा मिळतो तो रस्त्यावर बूटपॉलिश करणाऱ्या राजाकडे. नाते रक्ताचेच असावे लागते असे नाही, विचारपूस करणारे कोणीतरी असावे लागते, हे शिरवाडकरांनी त्या पोराच्या रूपाने सांगून ठेवले आहे.

या प्रश्नाचे मूळ शोधायचे तर महाभारतापाशीच जावे लागते. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने (१९६७) कर्णाला मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत नेले. कर्णाचे दातृत्व आणि शौर्य आपल्याला भुरळ घालते. पण त्याच्या आयुष्याचे सर्वांत मोठे ओझे तो एकट्यानेच वाहतो. आपण कुंतीचे पुत्र आहोत हे कळल्यावर तो श्रीकृष्णाला विनवतो की, ही गोष्ट युधिष्ठिराला कळू देऊ नये. त्यामागचा हेतू उदात्त होता, याविषयी शंका नाही. परंतु परिणाम काय झाला? सत्य उघड झाले ते युद्ध संपल्यावर, मृतांना जलांजली देण्याच्या वेळी. भावांना भाऊ सापडला तो चितेच्या राखेत!

आता अर्जुन पाहा. दोन्ही सैन्ये समोर उभी असताना, आपले हात थरथरतात, तोंडाला कोरड पडते आणि आपल्याला उभेही राहवत नाही, हे तो सारथ्याजवळ स्पष्ट बोलतो. त्या काळच्या श्रेष्ठ धनुर्धराने दिलेली ही कबुली आहे. आपल्या परंपरेने ती पुसून टाकली नाही. उलट गीतेच्या पहिल्या अध्यायाला 'अर्जुनविषादयोग' असे नाव दिले. विषादालाही योगाची प्रतिष्ठा देणारी ही परंपरा आपली आहे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण अर्जुनाला त्याच्या 'हृदयदौर्बल्या'बद्दल फटकारतात. पण त्या फटकाऱ्याने अर्जुन उठत नाही. तो पुन्हा आपली व्यथा मांडतो, मला काही सुचत नाही, मी तुझा शिष्य आहे, असे म्हणतो. आणि मगच खरा उपदेश सुरू होतो. तोही एका वाक्यात संपत नाही. भगवंतांनी प्रश्नामागून प्रश्न ऐकून घेतले, तेव्हा कोठे धनुष्य पुन्हा हाती आले.

आपण मात्र त्या पहिल्या फटकाऱ्यावरच थांबतो! खचलेला माणूस समोर आला की "मन घट्ट कर", "कामात गुंतवून घे" एवढे ऐकवून आपले कर्तव्य संपते. सार्वजनिक कामात वावरणाऱ्यांच्या घरी तर हे अधिकच घडते. कार्यकर्त्याने थकायचे नसते, त्याच्या पत्नीने कुरकुर करायची नसते आणि मुलांनी अपयश घरी आणायचे नसते, असा एक अलिखित दंडक असतो. शक्तीची उपासना करताना, दुर्बलता बोलून दाखवायला जागाच उरणार नाही, अशी घरे आपण बांधत नाही ना?

२०२३ सालचा पावसाळा आमच्या भागाला विसरता येणार नाही. १९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत. वाचलेल्या ठाकर कुटुंबांना आधी चौकजवळच्या तात्पुरत्या निवाऱ्यात आणि पुढे नव्या वसाहतीत एकत्रच ठेवण्यात आले. त्यांचे दुःख हलके झाले, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? पण ते सांगायला दाराबाहेर त्यांची वाडी होती.

त्यानंतर पंधरवड्यातच, २ ऑगस्टला, त्याच तालुक्यातील आपल्या स्टुडिओत नामवंत कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी जीवन संपवले. चार राष्ट्रीय पुरस्कारांचे मानकरी, डोंगरांच्या कुशीत राजवाडे उभारणारा हा कलावंत. त्यांच्या मनात काय चालले होते, यावर तर्क करण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र त्या दिवशी चहाच्या टपरीवर ऐकलेले एक वाक्य मला बोचले : "एवढा मोठा माणूस, इतका दुबळा कसा?" असा प्रश्न विचारणाऱ्या समाजात, ज्याचा जीव गुदमरतो आहे तो तोंड उघडेल कसा?

हे दुखणे केवळ आपले नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमले. जगात दर सहा माणसांमागे एक जण एकाकी आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात म्हटले. मात्र मंत्री शेजाऱ्याचे दार वाजवायला येणार नाही. ते काम शेजाऱ्याचेच आहे.

ते कसे करावे, याचे उदाहरणही दूर नाही. कवी नारायण सुर्वे यांचे अखेरचे वास्तव्य कर्जत तालुक्यातल्या नेरळला होते. त्यांची विचारसरणी या पानांच्या वाचकांची नव्हे. पण जन्मतःच टाकून दिलेल्या त्या अर्भकाला गंगाराम आणि काशीबाई सुर्वे या गिरणी कामगार दांपत्याने उचलून घेतले आणि आपले आडनाव दिले. त्यासाठी ना योजना होती, ना अनुदान. मराठीला एक कवी मिळाला तो त्या ओंजळीतून.

कर्जत-खालापूरच्या भातखाचरांवर आज इमारती उभ्या राहत आहेत. त्यांतल्या कित्येक खिडक्या शनिवार-रविवारीच उजळतात. उरलेले दिवस तेथे एखादी आजी किंवा निवृत्त आजोबा दूरचित्रवाणीच्या सोबतीने काढतात. अशा एका तरी दारावर आठवड्यातून एकदा थाप मारावी. उपदेश करू नये, तासभर ऐकावे. मन फारच काळवंडले असेल, तर शासनाच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तो आपल्याला पाठ असावा आणि गरज पडल्यास तो लावून देण्यात कमीपणा वाटू नये.

आणि वाचकहो, ज्याचे हात थरथरत असतील त्याने अर्जुनाचे स्मरण करावे. आपला थरकाप त्याने सांगितला, म्हणून गीता सांगितली गेली. तो गप्प राहिला असता, तर कुरुक्षेत्रावर आणखी एक कर्ण उभा राहिला असता.

आमचे मुख्याध्यापक अजूनही फलाटावर येतात. आता आम्ही चौघे-पाच जण दहा मिनिटे आधी पोहोचतो. चहा तोच आहे. पण तो आता बोलतो.