मोडेमची जोडणी कां तुटत असे?

विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. त्यानंतरच्या दहा वर्षांत, संगणक आहे पण टेलिफोनवरून तंटा नाहीं, असें घर उपनगरांत विरळाच. तार एक आणि हक्कदार अनेक! आमच्या घाटकोपरच्या बिऱ्हाडीं माणसें अकरा. पुतण्याचा अमेरिकेंतील विद्यापीठांशीं पत्रव्यवहार चाले, आणि तो चालू असतां बाहेरून कोणाचाही फोन लागत नसे. भगिनीच्या यजमानांस पुण्यास इस्पितळांत हलविल्याची वार्ता आम्हांस दोन तास उशिरां कळली, ती याच कारणानें. तेव्हांपासून मोडेमला रात्रीं दहानंतरची वेळ नेमून दिली गेली. पुतण्या रागावला, आम्हीं त्याची मनधरणी केली नाहीं.

परंतु नेमल्या वेळींही जोडणी तुटे, आणि दोष संगणकावर येई. वस्तुतः टेलिफोनची वाट मनुष्याच्या आवाजासाठीं, सुमारें ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनांसाठीं आंखलेली. संगणकाच्या अंकांचे त्या मर्यादेंत बसणारे सूर करावयाचे व पलीकडे सुरांचे पुनः अंक करावयाचे, हें मोडेमचें कार्य. (दोन क्रियांच्या इंग्रजी नांवांचे तुकडे जोडून हें नांव झालें, पाणिनीचे प्रत्याहार पढलेल्यांस त्याचें नवल वाटूं नये.) आरंभींचा तो कर्कश किंकाळा म्हणजे दोन यंत्रांनीं परस्परांशीं वेग ठरविणें होय. त्या संवादांत तिसरा आवाज शिरला कीं घोटाळा.

म्हणून प्रथम रिसीव्हर कानास लावून ऐकावें. खरखर येत असेल तर संगणक उघडण्यांत अर्थ नाहीं. पावसाळ्यांत केबलच्या सांध्यांत पाणी मुरून हें हटकून होई. स्वर स्वच्छ असूनही मोडेम तो ओळखीत नसेल, तर ‘एटीएक्स३’ ही आज्ञा दिल्यास तो स्वराची वाट न पाहतां क्रमांक फिरवी. ‘कॉल वेटिंग’ची टुकटुकही जोडणी तोडी, ती सोय बंद ठेवणें बरें.

यापुढें नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक. घरांतील इतर सर्व फोन तारेवरून काढावे. जोडणी टिकली तर एकेक पुनः लावावा. जो लावतांच तुटेल तो दोषी. आमच्याकडे यंत्र निर्दोष ठरलें. झोप न येणाऱ्या मातोश्री ‘फोन सुरू झाला कां’ हें पाहण्यासाठीं आंतला फोन उचलीत!

१९९८ च्या व्ही.९० पद्धतीनें सेकंदास ५६,००० बिटांची आशा दाखविली, तरी खराब तारेवर वेग ३३,६०० वर बांधून ठेवणेंच शहाणपणाचें असे. मंद, पण अखंड.

अमेरिकेंतील एओएल कंपनीनें आपली अशी सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजीं बंद केली. तथापि तांब्याच्या तारेवरील ब्रॉडबँड ज्यांच्या घरीं अद्याप असेल, त्यांनीं कानाची ती परीक्षा सोडूं नये, आणि विजा कडकडूं लागतांच टेलिफोनची तारही काढून ठेवावी; पुष्कळ लोक केवळ विजेचें बटण बंद करून स्वस्थ बसतात.