सात माणसं हवीत

वर्षभर एकच वाक्य ऐकून कान किटले आहेत: 'बंदी घाला.' 2025 च्या 15 जूनला तळेगावजवळ कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला, चार जीव गेले आणि संध्याकाळच्या आत हे वाक्य घराघरांत पोचलं. 2024 च्या 30 जूनला भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हाही हेच. मनाई आदेश निघतात, फलक लागतात, पावसाळा सरतो आणि सगळं जैसे थे. पूल धोकादायक असल्याचा फलक कुंडमळ्याला आधीपासून होताच. फलकाने कुणी थांबलं नाही, कारण फलकाशेजारी उभं राहून चार शब्द सांगणारं, दोर टाकून माणूस ओढून काढणारं, नदी आणि तो पूल ओळखणारं कुणी तिथे नव्हतं.

बाकी वर्षाने बरंच दिलं, बरंच नेलं. 11 जुलैला शिवाजी महाराजांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. मे महिन्यात जयंत नारळीकर गेले. जर्मनीत, जिथून आम्ही हा दिवाळी अंक काढतो, सरकार बदललं. या साऱ्यावर पुढच्या पानांत जाणत्यांनी लिहिलं आहे. इथे मात्र वर्षभर मनात सलत राहिलेली एक गोष्ट लिहायची आहे: फलकाशेजारी उभी राहणारी माणसं तयार कशी होतात.

आमच्याजवळ श्वेबिश आल्बचं चुनखडीचं पठार आहे. त्याच्या पोटात दोन हजारांहून अधिक गुहांची नोंद झाली आहे. होले फेल्स या गुहेत 2008 मध्ये मॅमथच्या हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिचं वय 35 ते 40 हजार वर्षं. 2017 मध्ये इथल्या सहा गुहा जागतिक वारसा झाल्या. पण या गुहा युनेस्कोच्या शिक्क्याने राखलेल्या नाहीत. त्यामागे गावोगावच्या गुहामंडळांची कित्येक पिढ्यांची चिकाटी आहे. त्यांचा देशव्यापी महासंघ 1955 पासून काम करतो आहे. सभासद म्हणजे कोण? सुतार, शिक्षिका, कारखान्यातले कामगार, निवृत्त टपाल कर्मचारी. वर्गणी भरणारी, शनिवार-रविवार देणारी माणसं.

अशाच एका मंडळाचा सराव मी पाहिला. जंगलाच्या कडेला एका जाड बीच झाडावरून दोर सोडलेला होता आणि सत्तरीच्या एक बाई एका कॉलेजच्या मुलाला शिकवत होत्या. जुमारने, म्हणजे दोरावर सरकणाऱ्या पकडीने, वर चढायचं, दोरावर लटकत असतानाच उतरायचा डिसेंडर अडकवायचा, वजन त्याच्यावर आणायचं, मग जुमार सोडवायचा आणि खाली यायचं. जमिनीपासून उंची जेमतेम दोन हात. मुलाला वाटलं, जमलं. बाई म्हणाल्या, पुन्हा. मग म्हणाल्या, आता दिवा विझवून. मग हातमोजे ओले करून. गुहेत शिरायला त्याला अजून अवकाश होता. आत जाताना प्रत्येकाजवळ तीन दिवे, एकट्याने कधीच जायचं नाही, आणि किती वाजता परतणार हे बाहेरच्या माणसाला सांगून जायचं. ती वेळ टळली की तो माणूस वाट पाहत बसत नाही, बचाव पथकाला फोन करतो.

अशा सरावाचं मोल 2014 च्या जूनमध्ये साऱ्या जगाने पाहिलं. बेर्खटेसगाडनजवळ उंटर्सबेर्ग पर्वतातल्या रीजनडिंग गुहेत सुमारे 1000 मीटर खोलीवर एका अनुभवी संशोधकाच्या डोक्यावर दगड कोसळला. आत फोन नाही, रेडिओ नाही. त्याचा एक साथीदार जवळजवळ 12 तास दोर चढत बाहेर आला आणि त्याने खबर दिली. पाच देशांतले सातशेहून अधिक लोक जमले आणि अकरा दिवसांनी जखमी माणूस जिवंत बाहेर आला. त्या कपारींतून स्ट्रेचर नेणारे हात ऐनवेळी कुठून आणता आले नसते. ते आपापल्या गावच्या मंडळांत वर्षानुवर्षं तयार होत होते.

या मंडळांचं दुसरं काम राखणीचं. हिवाळ्यात वटवाघळं ज्या गुहांत झोपतात, त्यांत 1 ऑक्टोबर ते 31 मार्च पाऊल टाकायला जर्मनीच्या निसर्गसंरक्षण कायद्याने मनाई आहे. एकदा जाग आली की वटवाघळाची कित्येक दिवसांची चरबी जळते आणि वसंतापर्यंत ती न पुरण्याचा धोका असतो. म्हणजे बंदी इथेही आहे. पण ती ठरावीक महिन्यांपुरती आणि ठरावीक जागांपुरती आहे, तिला कारण आहे, आणि ते कारण पटलेले राखणदार त्याच गावात राहतात. उन्हाळ्यात हेच लोक आत जाऊन मोजमाप करतात, जुना कचरा पोत्यांत भरून काढतात, नकाशे सुधारतात. स्थलदर्शक नकाशाच्या पानाचा क्रमांक आणि पुढे गुहेचा क्रमांक, अशी प्रत्येक गुहेची नोंद. पण नाजूक गुहांचा ठावठिकाणा ते जाहीर करत नाहीत. आपल्याकडे एखादी कपार सापडली की त्याच रात्री लोकेशनसह रील पडतं आणि पुढच्या रविवारी तिथे दीडशे माणसं.

हे परदेशाचं कौतुक नव्हे. शिलाँगला 1990 मध्ये मेघालय अॅडव्हेंचरर्स असोसिएशन उभी राहिली. ब्रायन खारप्रान डेली आणि त्यांच्या सोबत्यांनी 1992 पासून दरवर्षी मोहिमा काढल्या, त्यात युरोपातले गुहाशोधकही आले, आणि आज मेघालयात 500 किलोमीटरहून अधिक लांबीच्या भुयारांचे नकाशे तयार आहेत. चुनखडीच्या खाणी गुहांच्या मुळावर आल्या तेव्हा हीच संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. हातात नकाशे होते म्हणून जाता आलं. आंध्रातल्या बेलम गुहांचं तपशीलवार मोजमाप 1982-83 मध्ये डॅनियल गेबाउअर यांच्या जर्मन चमूने केलं. त्यांच्याबरोबर तेव्हा एखादं स्थानिक मंडळ असतं, तर ती विद्या इथेच रुजली असती.

आणि आपण? महाराष्ट्र काळ्या कातळाचा. आपल्या मनातली गुहा म्हणजे माणसाने कोरलेलं लेणं. पण सीमाभागात, बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात तळेवाडीजवळ बारापेडेच्या नैसर्गिक गुहा आहेत. मोठ्या, पुढे झुकलेल्या कानांचं आणि मानेवर करडा पट्टा असलेलं एक वटवाघूळ तिथे राहतं. 1913 मध्ये शास्त्राने त्याला निसर्ग-अभ्यासक रॉटन यांचं नाव दिलं. पुढे जवळजवळ नव्वद वर्षं जगात त्याचं तेवढंच घर ठाऊक होतं. नंतर ते कंबोडियात आणि मेघालयातही आढळलं. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला जागा आहे, म्हणजे वाघाइतकं संरक्षण आहे. अभयारण्यही 2011 मध्ये झालं. तरीही त्या गुहेची रोजची खबर घेणारी, वनखात्यासमोर बसून बोलू शकणारी, शिकलेल्या स्थानिकांची नोंदणीकृत संस्था तिथे हवी.

या अंकाचं सूत्र आम्ही 'संस्था' ठरवलं ते याच तळमळीतून. मराठी माणसाला संस्था काढण्याचं वावडं कधीच नव्हतं. गावोगावची वाचनालयं, तालमी, पतपेढ्या याची साक्ष आहेत. पुण्याची गिरिप्रेमी 1982 पासून गिर्यारोहक घडवते आहे. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र दरीतून माणसं बाहेर काढतात. हा वारसा गुहांपर्यंत न्यायचा आहे, एवढंच. पण हल्ली चार उत्साही माणसं भेटली की व्हॉट्सअॅप ग्रुप निघतो आणि काम झाल्याचं समाधान मिळतं. ग्रुपला घटना नसते, हिशेब नसतो, दप्तर नसतं. अॅडमिन दुसऱ्या गावी गेला की सगळं ज्ञान त्याच्याबरोबर जातं. संस्थेचं दप्तर मात्र पुढच्या पिढीच्या हाती पडतं.

जर्मनीच्या दिवाणी कायद्याप्रमाणे संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात. आपल्या 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यालाही सातच लागतात. बेळगाव-खानापूरकडे अशी सात माणसं नक्की आहेत: एखादा वनरक्षकाचा मुलगा, एखादी प्राणिशास्त्राची प्राध्यापिका, दोघे-तिघे ट्रेकर, तळेवाडीतला जंगल जाणणारा एखादा गावकरी. बारापेडेत शिबिरं मुळीच भरवू नयेत. दोराचा सराव उघड्या कातळावर करावा, आणि गुहेत जायचं ते वनखात्याच्या परवानगीने, मोजक्यांनी, मोजणीपुरतंच.

श्टुटगार्ट, उल्म, म्युनिकच्या आमच्या वाचकांनाही मनापासून सांगणं आहे. घराजवळच्या गुहामंडळाचं दार ठोठवा. भाषा अडखळली तरी दोर धरता येतो. दोन-तीन वर्षं शिका आणि सुट्टीत गावी जाल तेव्हा आठ दिवस शिकवा.

आमच्यापुरतं आम्ही ठरवलं आहे. सीमाभागात अशी संस्था नोंदली गेली तर तिचे पहिले दोर, हेल्मेट आणि दिवे या अंकाच्या विक्रीतून घेतले जातील. नोंदणीचा कागद आणि सात सह्या आमच्याकडे पाठवा.

 

– संपादक