ताकाला जाण्याचे दिवस

चैत्र अर्धा सरला की वर्तमानपत्रांतून एक सल्ला नेमाने प्रसिद्ध होऊ लागतो. कलिंगड, खरबूज, काकडी, ताडगोळे, ताक असे पाण्याचा अंश अधिक असलेले पदार्थ भरपूर खावेत आणि उन्हाचा ताप टाळावा, असा तो सल्ला होय. शास्त्रदृष्ट्या तो निर्दोष आहे. कलिंगडाच्या वजनात सुमारे ९२ टक्के आणि काकडीच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणी असते. मात्र हा सल्ला वाचणारा माणूस बहुधा पंख्याखाली बसलेला असतो; आणि ज्याला त्याची खरी निकड आहे, तो त्या वेळी कांद्याच्या शेतात वाकलेला किंवा उसाच्या फडात कोयता चालवीत असतो. आहारशास्त्राचा प्रश्न येथे संपतो आणि अर्थशास्त्राचा सुरू होतो.

बारामती तालुका म्हटला की परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे उसाचे मळे उभे राहतात. हे चित्र नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रापुरतेच खरे आहे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात, हा कालवा वाहू लागला आणि तालुक्याचे बागायत व जिरायत असे दोन भाग पडले. मोरगाव आणि सुपे हे जिरायत पट्ट्यातले. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात पाऊस बेताचाच पडतो आणि उन्हाळ्यात कऱ्हेचे पात्र कोरडे पडते. अष्टविनायकांतील पहिल्या गणपतीच्या, मयूरेश्वराच्या, दर्शनाला आलेला यात्रेकरू रसवंतीत उसाचा रस घेतो, मीठ लावलेली काकडी खातो आणि मोटारीत बसून निघून जातो. त्याच उन्हात दिवसभर राबणाऱ्या मजूर स्त्रीला ती काकडी विकत घेणे परवडते काय, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

वस्तुतः कोरडवाहू मुलखाने उन्हाळ्याचा आपला आहार फार पूर्वीच ठरवून टाकला होता. ज्वारीचे पीठ आंबवून केलेली आंबील, ताक-कण्या, भाकरीबरोबर कांदा, कैरीचे पन्हे, हे पदार्थ वैद्याने लिहून दिलेले नव्हते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे आणि अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचे दान, अशी पाण्याची व्यवस्था पंचांगातच गुंफलेली होती. या आहाराचा विशेष असा की त्यात पाण्याबरोबर मीठही असे. घामावाटे पाणी आणि क्षार दोन्ही जातात. कलिंगडातून पाणी मिळते, पण मीठ जवळजवळ मिळत नाही. मीठ घातलेली आंबील ही दोन्ही उणिवा भरून काढी.

‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ ही म्हण आपण आजही वापरतो. परंतु तिच्यामागची अर्थव्यवस्था लयास गेली आहे. त्या काळी घरोघर दही घुसळले जाई, लोणी-तूप बाजारात जाई आणि ताक मागे राही. ताकाला बाजारभाव नव्हता, म्हणूनच ते शेजारच्या भूमिहीनाच्या भांड्यात फुकट पडत असे. १९७० मध्ये दूध महापूर योजना सुरू झाली, सहकारी संकलनाचे जाळे पसरले आणि दुधालाच रोख किंमत आली. दुधाच्या पगाराने कोरडवाहू शेतकऱ्याचा संसार सावरला, हे कोणीही नाकारणार नाही. पण दूध पहाटेच डेअरीला जाऊ लागल्यावर घरी घुसळायचे काय? ताक आटले. आता तेच ताक पिशवीत भरून किंमत लावून गावात परत येते. पहिल्या ताकाला बाजारात किंमत नव्हती, दुसऱ्याला आहे. हिशेबात आपण वाढलो, पण मजुराची घोटभर ताकाची सोय गेली.

प्रश्नाचे प्रमाणही नीट ध्यानात घेतले पाहिजे. कडक उन्हात अंगमेहनत करणाऱ्याच्या शरीरातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. अर्धा किलो कलिंगडातून अर्धा लिटरही पाणी मिळत नाही. म्हणजे फळ हे पाण्याला पूरक आहे, पर्याय नव्हे. त्यातच रानात आडोसा नसल्याने अनेक स्त्रिया जाणूनबुजून पाणी कमी पितात. उक्त्या कामावर तर सावलीत घेतलेल्या प्रत्येक क्षणाची किंमत मजूर स्वतःच्या मजुरीतून मोजतो. अशा माणसाला ‘अधूनमधून विश्रांती घ्या’ असे सांगणे म्हणजे ‘थोडे कमी कमवा’ असे सांगणे होय.

मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत बळी गेल्यानंतर अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णतेविरुद्ध कृती आराखडा अमलात आणला. खेड्यांसाठी तशीच, पण शेतीच्या वेळापत्रकाला धरून व्यवस्था हवी. रोजगार हमीच्या कामांवर पिण्याचे पाणी आणि सावली असावी, हे तत्त्व महाराष्ट्राने फार पूर्वी मान्य केले. ते खाजगी शेतावर आणि ऊसतोडीच्या फडावरही लागू का होऊ नये? चैत्र-वैशाखात काम पहाटे सुरू करून दुपारी थांबवावे आणि उक्त्या कामाचे दर त्या हिशेबाने वाढवावेत. दूध संस्थांनी मिठाचे ताक उत्पादनखर्चात कामाच्या जागी पोचवावे. ग्रामपंचायतींनी पाणपोईबरोबर स्त्रियांसाठी आडोशाचीही सोय करावी. याचा खर्च मालाच्या किमतीत थोडा मिसळेल, हे खरे. परंतु आज तो खर्च होत नाही असे नाही. तो मजुराच्या शरीरातून वसूल होतो, एवढेच.

कलिंगड खाण्याचा सल्ला अवश्य द्यावा. मात्र तो देताना ते पिकवणाऱ्या आणि खुडणाऱ्या माणसाच्या वाट्याला दुपारी काय येते, याचीही चौकशी समाजाने करावी. ताकाला जाण्याचे दिवस परत येणार नाहीत, आणि यावेत असेही नाही. भांडे घेऊन दुसऱ्याच्या दारी उभे राहण्यात लाचारी होती. पण जे पूर्वी शेजारधर्माने मिळत होते, ते आता हक्काने मिळाले पाहिजे.