पहिली चाकरी कोठें धरावी?

‘मुलगा मालमोटार चालवितो’ हें वाक्य आमच्या समाजांतील घरांतून अजून खालच्या आवाजांत बोललें जातें. मुलगा पदवी घेऊन वर्षानुवर्षें रिकामा बसला तरी चालतें. पण तो अवजड वाहनाच्या परवान्याची भाषा बोलूं लागला, कीं वडीलधारी मंडळी तोंड फिरवितात. याचा परिणाम असा होतो, कीं पहिली चाकरी कोठें धरावी हा प्रश्न तो घरीं न विचारतां मोटारअड्ड्यावर विचारतो, आणि जो मोठा आंकडा सांगेल त्याच्या मागून जातो. तेलाच्या गाडीविषयीं तर ही चूक फारच महाग पडते. तेथें पहिलें वर्ष चुकलें तर परवाना जातो, आणि प्रसंगीं जीवहि जातो. म्हणून आज या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या वाशीम जिल्ह्यांत तेलाची विहीर नाहीं. त्यामुळें ‘तेलक्षेत्र’ हा शब्द आमच्या तरुणांस सोन्याच्या खाणीसारखा वाटतो. आसामांतील दिग्बोई येथें १८८९ सालीं तेल लागलें. गुजराथेंत अंकलेश्वर येथें १९६० सालीं लागलेल्या विहिरीस पंडित नेहरूंनीं ‘वसुधारा’ असें गोड संस्कृत नांव दिलें. राजस्थानांत बाडमेरचें मंगला क्षेत्र २००९ सालीं वाहूं लागलें. मुंबई हाय तर भर समुद्रांत. तेथील तेल नळांतून उरणास येतें. बाडमेरचें तेल मेणासारखें थिजणारें, म्हणून तेंहि तापविलेल्या नळांतूनच जातें. तात्पर्य, अशा ठिकाणीं मालमोटारीस मुख्यत्वें लोखंडी नळ, सिमेंट व पाणी वाहून नेण्याचें आणि विहीर खणण्याचीं प्रचंड यंत्रें एका जागेहून दुसरीकडे हलविण्याचें काम असतें. किरकोळ विहिरींचें तेल तेवढें टँकरनें न्यावें लागतें. वजन मोठें, रस्ते कच्चे, आणि बोलावणें रात्रीं-अपरात्रींहि यावयाचें. हें काम मुरलेल्या हातांचें आहे.

दुसरें ठिकाण आपल्या शेजारींच आहे. अकोल्याजवळ गायगांव येथें तेलकंपन्यांचीं कोठारें असून तेथून पेट्रोल व डिझेल भोंवतालच्या पंपांवर जातें. आमचें मत असें, कीं नवख्यानें आरंभ येथें करावा. तोहि शक्य तर एखाद्या जुन्या चालकाच्या शेजारीं बसून.

असें कां म्हणतों तें सांगतों. टँकरच्या पोटांत निरनिराळे खण असतात. खण अर्धा रिता असला, म्हणजे ब्रेक दाबतांच आंतील तेल पुढें धांवतें व वळणावर एका बाजूस कलतें. पातूर-मेडशीकडील वळणांवर हा हेलकावा गाडी उलटवूं शकतो. पेट्रोलची वाफ हवेहून जड, म्हणून ती सखल जागीं सांचून राहते. टाकी रिकामी झाली कीं धोका टळला असें नवख्यास वाटतें; वस्तुतः रित्या टाकींतील वाफ अधिक भयंकर. नळी जोडण्यापूर्वीं टाकीस जमिनीशीं जोडणारी तार लावावी लागते, कारण विजेची एक बारीक ठिणगीहि पुरते. गाडीच्या पाटीवर १२०३ हा आंकडा पेट्रोलचा आणि १२०२ हा डिझेलचा. हें सर्व ओळखीच्या रस्त्यावर, लहान फेऱ्यांत, आपली भाषा बोलणाऱ्या माणसाजवळ शिकणें सोपें. परमुलखांत चूक सांगणारा भेटतोच असें नाहीं.

कायदाहि एकदम उडी मारूं देत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें अशा वाहनासाठीं वयाचीं २० वर्षें पुरीं व्हावीं लागतात, आणि हलक्या वाहनाचा परवाना निदान १ वर्ष हातीं असावा लागतो. धोक्याचा माल नेण्यास निराळें शिक्षण घ्यावें लागतें. तो परवाना २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें ३ वर्षेंच चालतो. शिवाय एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहितां-वाचतां यावी अशी अट आहे. हा निरक्षरांचा धंदा, असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. जानेवारी २०२४ मध्यें नव्या न्याय संहितेंतील अपघातविषयक कलमाविरुद्ध चालकांनीं गाड्या उभ्या केल्या, तेव्हां दोन दिवसांतच गांवोगांवच्या पंपांवर रांगा लागल्या. ज्याच्या थांबण्यानें सर्वांचें थांबतें, त्याचें काम हलकें कसें?

वनपर्वांतील नलाची कथा आपल्या घरांतून सर्वांस ठाऊक आहे. राज्य गमावलेला नल बाहुक या नांवानें ऋतुपर्णाचा सारथि झाला. एका दिवसांत अयोध्येहून आपल्या या विदर्भास पोंचावयाचें होतें. बाहुकानें घोडे निवडले ते दिसण्यांत रोडके. राजा रागावला, पण बाहुकानें अंगावरचें मांस न पाहतां शुभलक्षणें पाहिलीं होतीं, आणि तेच घोडे वेळेवर पोंचले.

चाकरीचींहि लक्षणें पाहावींत. मालक नेमणुकीचें पत्र देतो काय? मालांत तूट आली तर ती कोणाच्या वेतनांतून कापली जाते? गाडीचा व माणसाचा विमा आहे काय? कायद्यानें सामान्यतः दिवसास ८ व आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली आहे. ती पाळतात कीं कागदावरच राहते? गायगांवचा मालक या प्रश्नांस टाळाटाळ करीत असेल तर तोहि सोडावा. आणि दोन-तीन वर्षें हात मुरल्यावर मुलगा अंकलेश्वरास जाऊं म्हणेल, तर त्यास खुशाल जाऊं द्यावें; त्या वेळीं तो स्वतःची किंमत सांगूं शकेल.

आईबापांस एवढेंच सांगणें, कीं मुलानें हा मार्ग धरलाच असेल तर त्याच्याबरोबर एकदां मालकाच्या कचेरींत जाऊन बसावें, वरील प्रश्न स्वतः विचारावे, आणि परवान्याची प्रत, नेमणुकीचें पत्र व विम्याचा कागद घरच्या पेटींत ठेवावा.