शकुंतलेचे रील खूप झाले, आता नोंद हवी

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरची शकुंतला बंद पडली आणि तिचे फोटो मात्र वाढले. गवत माजलेले रूळ, ओसाड स्टेशन, मागे मावळता सूर्य. दिसायला छान, पण स्टेशन कुठलं, फोटो कधीचा, काही पत्ता नाही.

वऱ्हाडातला कापूस मुंबईकडे नेण्यासाठी ब्रिटिश कंपनीने ही 762 मिलिमीटरची नॅरोगेज टाकली. मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिच्यावर 1994 पर्यंत धावलं. ब्रॉडगेजची मागणी जुनी आहे आणि रास्तच आहे. पण ती पूर्ण झाली की रुळांसोबत छोटे पूल, पाट्या, मालधक्केही जातील. मग निदान फोटोत तरी राहू द्या की!

गाविलगडाचे फोटो पर्यटक काढतातच. अचलपूरची जुनी पेठ, दुकानांच्या लाकडी फळ्या, बंद जिनिंगची शेडं कोण काढतं? ते काम गावातल्याच माणसाचं.

एक फोटो लांबून, एक पाटी वाचता येईल असा जवळून. सोबत ठिकाण, तारीख लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो टाकला की क्वालिटी जाते, आतली तारीख-जागेची माहितीही निघून जाते. म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा. चालू लाइनच्या रुळांवर मात्र उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि घरात शकुंतलेसोबतचा जुना फोटो असेल, तर त्यात कोण कोण उभं आहे ते आजी-आजोबांना आत्ताच विचारून मागे लिहून ठेवा.