देशाचा धुरा आणि आपल्या उसाचा धुरा





धुऱ्याचे महत्त्व आपल्या झाडीपट्टीत कोणाला शिकवावे लागत नाही. धुरा वीतभर सरकला की दोन भाऊ दहा-दहा वर्षे बोलत नाहीत, मोजणी आणतात, तहसिलीच्या चकरा मारतात. धानाच्या बांधीची पार फुटली तर मध्यरात्री बॅटरी घेऊन धावणारे शेतकरी आम्ही पाहिले आहेत. मात्र त्याच धुऱ्यावरून आत काय येते, याकडे आपले तेवढे लक्ष नसते. सरकलेली जमीन लगेच दिसते, आत शिरलेला रोग दिसत नाही. आज याच विषयावर चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. विषय वरवर देशाच्या सरहद्दीचा वाटेल. पण तो आपल्या सरीपर्यंत येऊन पोचतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सरहद्द म्हटली की आपल्याला हिमालयातील बर्फ आणि बंदूकधारी जवान आठवतो. ते योग्यच आहे. शिवाय भंडारा जिल्ह्याला सरहद्द काही लांबची नाही. जवाहरनगरची आयुध निर्माणी १९६२ च्या चिनी आक्रमणानंतरच्या काळात उभी राहिली. तोफगोळ्यांना रेटा देणारी दारू तिथे तयार होते. २०२१ साली देशातल्या आयुध निर्माणींच्या सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हापासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. तिथे २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात कामगार मृत्युमुखी पडले. त्या दिवशीचा आवाज भोवतालच्या गावांनी ऐकला. सरहद्द राखण्याची किंमत फक्त सरहद्दीवरच मोजली जात नाही, हे आपल्या जिल्ह्याने असे डोळ्यांनी पाहिले आहे. त्या कामगारांच्या स्मृतीस आम्ही वंदन करतो.

परंतु बंदुकीने अडवता येते ते माणसाला. १९९१ नंतर आपला बाजार जगाला खुला झाला, १९९५ पासून आपण जागतिक व्यापार संघटनेत आहोत. न्हावाशेवा बंदरात उतरलेला माल मुंबई-कोलकाता रस्त्याने भंडारा, लाखनी, साकोलीवरून पुढे जातो. त्यातला प्रत्येक डबा उघडून पाहू म्हटले तर देशाचा व्यापार बंद पडेल. जवान लडाखमध्ये डोळ्यांत तेल घालून उभा असतो, आणि त्याच वेळी एखादे अंडे, एखादे बी, एखादी बुरशी पोत्यात बसून देशात दाखल होते. तिला ना पासपोर्ट लागतो ना व्हिसा.

ही कल्पना नव्हे. तुमच्या धुऱ्यावरच तिचा पुरावा उभा आहे. गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, ते मूळचे अमेरिका खंडातले. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आले. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते आले, असे मानले जाते. आज ते नाही असे गाव दाखवा! अंगाला खाज, दमा, गुरांना त्रास, पिकाला मार. एका न तपासलेल्या पोत्याचे व्याज आपण सत्तर वर्षे भरत आहोत.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. हे गवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८३ साली मुद्दाम मेक्सिकोहून बंगळुरूला आणला गेला. तो कोंडून ठेवला, आपल्या पिकांवर सोडून पाहिला, पिकांना तोंड लावत नाही अशी खात्री पटल्यावरच मोकळा केला. पावसाळ्यात गाजर गवताची चाळण करणारा हाच तो भुंगा. दोघेही त्याच मुलखातले. एक चोरवाटेने आला आणि शत्रू ठरला; दुसरा फाटकातून, तपासणी होऊन आला आणि मित्र ठरला. सरहद्दीचे सारे शास्त्र या दोघांत आले, असे आम्हाला वाटते.

अलीकडची उदाहरणेही आहेत. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत दिसली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याला सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर उडू शकतो. काही ठिकाणी ती उसावरही सापडली. २०२१ साली आंध्र-तेलंगणातील मिरची ज्या काळ्या फुलकिड्याने झोपवली, तोही बाहेरून आलेला. आपल्या जिल्ह्यातही मिरची आहे. तेव्हा हे लोकांचे दुखणे म्हणून सोडून देता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग दारेच बंद करा, बाहेरचे काही नको. आम्ही याच्याशी सहमत नाही. दारे बंद असती तर आजचा ऊसच आपल्याला दिसला नसता. कोइमतूरला १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र निघाले. जाड ऊस आणि रानटी काँस यांच्या संकरातून तिथे को २०५ तयार झाला. जुन्या सभासदांना आठवणारा को ४१९ घ्या. त्याच्या आईबापांपैकी एक जावा बेटावरचा पीओजे २८७८. आणि आज आपण ज्याच्यावर भरवसा ठेवतो त्या को ८६०३२ च्या आईबापांपैकी एक कोसी ६७१ आहे, व त्या कोसी ६७१ च्या आईबापांपैकी एक ऑस्ट्रेलियातला क्यू ६३. म्हणजे आपल्या सरीतल्या उसाची आजी क्वीन्सलंडची! पण ती फाटकातून आली, चोरवाटेने नव्हे. देशाला भिंत नको आहे. फाटक हवे आहे, आणि फाटकावर जागा असलेला राखणदार हवा आहे.

फाटकावर राखणदार नसला म्हणजे काय होते, याचा एक अनुभव सांगतो, आणि त्यात चूक आमचीही आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या एका सभासदाने जिल्ह्याबाहेरून ट्रकभर बेणे आणले. ऊस दिसायला हिरवागार, कांड्या लांब, भावही कमी. आम्हाला कळले तेव्हा लागवड चालू झाली होती. आम्ही धुऱ्यावर उभे राहिलो, चहा घेतला, "बरे दिसते बेणे" असे म्हणून परत आलो. खोडव्याला शेंड्यांतून काणीचे काळे चाबूक निघाले. वारा शेजाऱ्याच्या बाजूचा. पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या फडात काणी. दोघांचे बोलणे बंद झाले, आणि शेजारी आम्हाला म्हणाला, "साहेब, धुरा सरकला असता तर मोजणी आणली असती, आता हिची मोजणी कुठून आणू?" त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते उत्तर म्हणून हा लेख लिहीत आहोत.

देशाची तपासणी बंदरावर आणि विमानतळावर होते. ती हवीच. पण एकदा आत शिरलेल्या रोगाला जिल्ह्याची, तालुक्याची हद्द कोण दाखवणार? २००२ साली लोकरी मावा सांगली जिल्ह्यात आला आणि बघता बघता राज्यभर पसरला. उत्तर प्रदेशात को ०२३८ या जातीने शेतकऱ्यांची घरे भरली. पण एकाच जातीवर सारा भार आणि त्यात लाल कूज शिरली, तेव्हा फडचे फड वाळले. लाल कूज, काणी, गवताळ वाढ हे तिन्ही रोग बेण्याच्या टिपरीत बसून प्रवास करतात. त्यांना गाडी आपणच देतो, भाडेही आपणच भरतो.

आपल्या जिल्ह्याला मध्यप्रदेशची हद्द लागून आहे. नातेसंबंध, बाजारहाट सगळे दोन्हीकडे चालते, आणि ते चालावेच. तिकडचा शेतकरी आपला भाऊच आहे. आमचे म्हणणे माणसाविषयी नाही, बेण्याविषयी आहे. ते तिकडून येवो, पश्चिम महाराष्ट्रातून येवो की शेजारच्या गावातून, तपासल्याशिवाय जमिनीत जाऊ नये.

म्हणून संचालक मंडळापुढे आम्ही एक सूचना ठेवीत आहोत आणि सभासदांनी तिच्यावर विचार करावा अशी विनंती आहे. येत्या लागवडीपासून कारखाना क्षेत्राबाहेरून आणलेल्या बेण्याची माहिती गट कार्यालयाला आधी द्यावी, शेतकी कर्मचाऱ्याने ते उभ्या फडात पाहावे, आणि तशी चिठ्ठी असल्याशिवाय त्या उसाची नोंद होऊ नये.

काही सभासदांना हे आवडणार नाही, याची जाणीव आहे. "शेत माझे, पैसा माझा, ऊस माझा; कारखान्याने मध्ये का यावे?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एवढेच, की काणीला सातबारा वाचता येत नाही. दुसरा आक्षेप त्याहून रास्त आहे : "कारखान्याचे बेणे वेळेवर मिळत नाही, म्हणून तर बाहेर जावे लागते." हे खरे आहे आणि ते आम्ही मान्य करतो. विदर्भात एचटीबीटी कापसाचे विनापरवाना बियाणे का पसरले ते पाहा. ज्याची गरज आहे त्याला फाटक वर्षानुवर्षे बंद राहिले तर चोरवाट पडतेच. तेव्हा नियम करायचा तर आधी बेणे द्यावे लागेल. उष्ण बाष्प प्रक्रियेचे, म्हणजे ५४ अंश तापमानात १५० मिनिटे ठेवलेले मूलभूत बेणे, त्यापासून पायाभूत आणि पुढे प्रमाणित बेणे, अशी त्रिस्तरीय बेणेमळ्याची साखळी प्रत्येक गटात उभी राहिली पाहिजे. ती नसेल तर आमचा नियम म्हणजे नुसती जुलमाची चौकी होईल, आणि अशा चौकीला आमचा स्वतःचाच विरोध राहील.

तोपर्यंत प्रत्येकाच्या हातात आहे ते करावे. बेणे ९ ते ११ महिन्यांच्या, लागणीच्या उसाचेच घ्यावे, खोडव्याचे घेऊ नये. टिपरी कापताना आत लाल रंग दिसला की ती बाजूला काढून जाळावी. काणीचा पट्टा दिसताच त्यावर पिशवी घालून तो कापावा, मग बेट मुळासकट उपटून नष्ट करावे. काणी लागलेल्या फडाचा खोडवा ठेवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, रोग दिसला तर लपवू नये. स्लिपबॉय आला की सांगावे. त्यात कमीपणा नाही. कमीपणा शेजाऱ्याला न सांगण्यात आहे.

जाता जाता एक गोष्ट. बाहेरून जे येते त्याने जसा धोका, तसा जे येईनासे होते त्यानेही. उसाला लागणारे पालाश आपल्या देशात जवळजवळ निघतच नाही, ते परदेशातून येते. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटले आणि पालाशच्या पोत्याने आपल्यालाही चटका दिला. म्हणून पाचट जाळू नका, ते कुजवा, मळी वापरा, माती तपासून खत घाला. आपल्या जमिनीत शिल्लक राहिलेले पालाशसुद्धा सरहद्दीची राखणच करते.

सीमेवरच्या जवानाला आपण मदत काय करणार, असे अनेकांना वाटते. तो उभा आहे तो धुरा आपल्याला राखता येत नाही, हे कबूल. पण त्याच्या मागे देशाचे आणखी हजारो धुरे आहेत आणि त्यांतला एक तुमचा आहे. येत्या लागवडीला बेण्याची गाडी धुऱ्यापाशी येईल, तेव्हा ती थांबवून एक टिपरी चिरून पाहा. एवढी चौकी सांभाळली तरी पुष्कळ झाले.

आपला,
ऊस विकास अधिकारी